समज मोजण्याची नोकरी

ओळखपत्रावर माझं पद ‘आकलन मूल्यमापक’ असं छापलं होतं. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ शाळा तपासणारी बाई असा लागला आणि समोरच्या घरातले गुरुजी दोन-तीन महिने मला बघून मोटारसायकलवरून उतरत होते. मी खुलासा केला नाही. त्याआधीची माझी सगळी नोकरी एचआयव्हीच्या केंद्रात समुपदेशक म्हणून गेली होती. माझ्यासमोर बसून तासतासभर रडलेली माणसं बाजारात मी दिसले की भाजीच्या ढिगाकडे तोंड फिरवायची. ओळख दाखवली तर लोक काय म्हणतील? त्या मानानं गुरुजींचं उतरणं मला सुखाचं वाटत होतं.

निवृत्तीनंतरचं हे काम ऐकायला साधं होतं. बीडमधल्या एका दवाखान्यात थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त चढवण्याचा विभाग आहे. पुण्याच्या एका संस्थेनं तिथे अभ्यास काढला. या मुलांच्या आई-वडिलांची जनुकीय तपासणी करायची, तिचा अर्थ त्यांना समजावून सांगायचा, आणि त्यांना तो कितपत समजला ते मोजायचं. समजावणारे डॉक्टर वेगळे. मोजणारी मी.

आजार थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या आजारात शरीर धड रक्त बनवत नाही. मूल सहा-आठ महिन्यांचं झालं की पांढरं पडायला लागतं आणि मग दर तीन आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, बहुतेकांना जन्मभर. दोष आईकडून आणि बापाकडून, असा दोन्हीकडून आला तरच आजार होतो. एकाच बाजूनं आला तर माणूस ठणठणीत असतो, फक्त तो दोष पुढच्या पिढीला देऊ शकतो. अशा माणसाला ‘वाहक’ म्हणतात. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक. तिसऱ्या महिन्यात वारेचा बारीक तुकडा काढून पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. बाळ आजारी निघालं तर काय करायचं ते आई-बापांनी ठरवायचं.

एवढंच आहे. मला स्वतःला हे पक्कं समजायला दोन आठवडे लागले होते. आमच्या प्रश्नावलीची अपेक्षा होती की मूल रडत असताना, पाच वाजताच्या एसटीकडे डोळे लागलेले असताना, ते आई-बापांना वीस मिनिटांत समजावं.

माझ्या खोलीचं उद्घाटन झालं. दवाखान्याच्या दारावर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर डीएनएची ती पिळाची शिडी होती, पण प्रमुख पाहुण्यांच्या फोटोनं तिची वरची अर्धी बाजू झाकली होती. पाहुण्यांनी फीत कापली, आत आले, टेबल पाहिलं, दोन खुर्च्या पाहिल्या, कपाट उघडून पाहिलं आणि विचारलं, “मशीन कुठंय?”

मी म्हटलं, “मीच.”

त्यांनी माझा सत्कार केला. मशीनला नारळ मिळाल्याचं ते बहुधा पहिलंच उदाहरण असावं.

प्रश्नावलीत वीस प्रश्न होते. आधी इंग्रजीत लिहून मग मराठीत आणलेले, त्यामुळे मराठी वाचताना इंग्रजीची ठेच लागायची. ‘जनुक’, ‘उत्परिवर्तन’, ‘अप्रभावी दोष’. एका बापानं सरळ विचारलं, “अप्रभावी हाय तर मग पोराला एवढा तरास कावून?” त्याच्या प्रश्नाला शंभर गुण द्यायला हवे होते, पण फॉर्ममध्ये त्याचं उत्तर चूक धरलं जायचं. ‘वाहक’ या शब्दावरून एसटीचा विनोद प्रत्येक कार्यशाळेत कुणीतरी साहेब करायचेच आणि हॉल हसायचा. एकाही पेशंटनं तो केलेला मी ऐकला नाही. त्यांना त्यात गंमत वाटत नसावी.

या धंद्यातला पहिला धडा मी एचआयव्हीच्या केंद्रातच शिकले होते. “कळलं का?” हे कधी विचारायचं नाही. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर “कळलं” एवढंच आहे. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून, आपण अडाणी दिसू नये म्हणून, बस निघून जाऊ नये म्हणून, कशासाठीही, पण उत्तर तेच. त्याऐवजी विचारायचं, “घरी गेल्यावर काय सांगाल?” मग खरं बाहेर पडतं. पण प्रश्नावलीत तसं विचारायला जागा नव्हती. तिथे चार पर्याय होते आणि चार चौकोन.

गेवराईकडचे एक आबा नातवाला घेऊन यायचे. पन्नास एकरांचे धनी, दोन संस्थांवर संचालक, पांढऱ्या कपड्यांवर घडीची रेघ. बरोबर नेहमी तिघं-चौघं. नातवाच्या आजाराचा दोष सुनेच्या माहेराकडून आला, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला निक्षून सांगितलं. समजावणाऱ्या डॉक्टरांचं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग माझ्यासमोर बसले आणि वीसच्या वीस उत्तरं बरोबर दिली. असं कुणीच केलं नव्हतं. मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, “आबा, आता तुमचं आणि धाकट्या मुलाचं रक्त देऊन जा. त्याचं लग्न ठरतंय म्हणालात.”

“आमचं? आमचं कशाला?”

“तुमच्यात कोण वाहक आहे ते बघायला.”

आबांना मनापासून आश्चर्य वाटलं. “ओ मॅडम, आत्ताच तर तुमी परीक्षा घेतली. समदी उत्तरं बरोबर आली म्हणलाव ना? मग आता रगत कशाला तपासताव?”

सोबतच्या मंडळींनी माना डोलावल्या. साहेब पास झाले होते. नापास होणाऱ्यांनी रक्त द्यावं.

मी तेव्हा हसले होते. पुण्याला पाठवायच्या तक्त्यात आबांच्या नावापुढे वीसपैकी वीस लिहिलं आणि तो किस्सा बरेच दिवस लोकांना सांगत राहिले. तो इशारा होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

आता मनीषाबद्दल.

मनीषा वडवणी तालुक्यातली. वय तेवीस-चोवीस, घरी मेंढरं. नवरा भागवत. तो तिच्या आत्याचा मुलगा, म्हणजे भागवतनं मामाची मुलगी केली होती. त्यांच्यात तसंच करतात आणि त्यात नातं घट्ट राहतं हा विश्वास. सासूला ती आत्याच म्हणायची. घट्ट नात्याबरोबर त्या घराण्यातला तो एक दोषही दोन्हीकडून आला आणि त्यांची मुलगी पायल आजारी निघाली. पायल तेव्हा चार वर्षांची होती. सुईला रडायची नाही, फक्त नर्सला विचारायची, “कोणचा हात?” आणि स्वतःच निवडलेला हात पुढे करायची.

मनीषा सातवीपर्यंत शिकली होती. तिनं प्रश्न दोनदा वाचले आणि वीसपैकी सतरा आणले. अकरावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता: दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता किती? पर्याय: अजिबात नाही, चारात एक, निम्मी, नक्कीच. तिनं ‘चारात एक’वर ठळक खूण केली. शिकलेल्या बापांनी इथे ‘निम्मी’ लिहिलं होतं. पुण्याची टीम आली तेव्हा मी तिचा फॉर्म वर काढून ठेवला. टीमच्या प्रमुख बाईंनी त्याचा मोबाईलवर फोटो काढला, सादरीकरणात दाखवायला. मनीषाच्या समजेचं श्रेय कुणाचं यावर डॉक्टरांचं आणि माझं थोडं एकमेकांना ‘तुमचंच, तुमचंच’ करून झालं.

पाच-सहा महिन्यांनी, दिवाळी तोंडावर आली असताना, मनीषा पायलला रक्त चढवायला घेऊन आली. पायलची बाटली लागली. मनीषा माझ्या खोलीत पाणी प्यायला आली आणि प्यायलेलं पाणी मोरीत ओकून टाकलं.

मी विचारलं, “किती दिवस झाले?”

ती लाजली. “अडीच म्हैने होत आलेत.”

“डॉक्टरांना सांगितलंस? तपासणीसाठी पुण्याला तारीख घ्यावी लागते. दोनच आठवडे राहिलेत.”

“कशाची तपासणी?”

“बाळाची. पायलसारखं आहे का ते बघायची.”

“न्हाई, न्हाई, ह्येला काय झालंय?” ती अगदी सहज म्हणाली. जणू मीच काहीतरी विसरले होते. “आवो मॅडम, तुमीच तर सांगितलं. चारात एक. एक गेलं की आमचं. पायल त्या एकातली. आता तीन मोकळी हैत.”

“मोकळी म्हणजे?” मी विचारलं.

मग तिनं मला समजावलं. त्यांच्या कळपातली निम्मी मेंढरं माजलगावच्या एका जमीनदाराची, वाट्यानं सांभाळायला घेतलेली. वाटा असा, की चार कोकरांमागं एक मालकाचं, तीन सांभाळणाऱ्याची. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की पहिलं कोकरू मालकाला देऊन टाकायचं. एकदा ते दिलं की पुढची तीन बिनघोर. कुणी मागायला येत नाही. तिच्या आज्यापासून हेच चालत आलं होतं. ‘चारात एक’ हे शब्द तिला डॉक्टरांनी शिकवलेले नव्हतेच. ते तिला लहानपणापासून येत होते. म्हणून तर खूण इतकी ठळक होती.

मी तिला म्हटलं, “मनीषा, हा वाटा नाहीये.” ती हसली, पदरानं तोंड पुसलं आणि पायलकडे गेली. चार दिवसांनी त्यांचा कळप चराईला निघणार होता, गोदावरीकडे आणि तिथून पुढे. एकदा निघाले की पावसाळ्यापर्यंत परत येत नाहीत. पायलच्या रक्तासाठी वाटेतल्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या तिनं घेऊन ठेवल्या होत्या. पोटातल्या बाळासाठी तिच्याकडे काहीच नव्हतं. गरजच नव्हती ना.

मी पुण्याला फोन लावला. फोनवर अभ्यासाचं काम बघणारी तरुण डॉक्टर होती. हुशार आणि मनानं चांगली मुलगी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, पण प्रश्नावलीचा सेकंड राउंड व्हायचाय. मोजणाऱ्या व्यक्तीनंच मध्ये समजावलं तर डेटा बिघडतो. तुम्ही समजावलंत तर तिचं नाव अभ्यासातून वगळावं लागेल.”

“वगळा.”

“मॅडम, ती आपली बेस्ट केस आहे.”

“म्हणूनच.”

ती म्हणाली, “मी तारीख धरून ठेवते. खर्चाचं मी बघते. तुम्ही जा.” तिच्याबद्दल मी मनात जे काही बोलले होते ते मागे घेतलं.

त्या दुपारी मी अकराव्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलेले सगळे फॉर्म बाहेर काढले. चुकीची उत्तरं मी आजवर पुन्हा पुन्हा पाहिली होती. बरोबर उत्तराकडे दुसऱ्यांदा बघायची गरज असते हे मला वाटलंच नव्हतं. एकेकाला फोन करून विचारलं, “तुम्ही ‘चारात एक’ लिहिलं होतं. का?” उत्तरं ऐकून चक्रावले. एक जण म्हणाला, दुसरा पर्याय बहुतेक वेळा बरोबर असतो. एका बाईनं सांगितलं, “वाचताना तुमचा पेन त्याच ओळीवर थांबला व्हता.” एकानं माझीच समजूत घातली, “आमी चार भाऊ, त्यात एकाचंच पोर आजारी. मग चारात एकच झालं की.” आणि काहींना खरोखर समजलं होतं. पण कागदावर सगळ्यांच्या खुणा सारख्याच दिसत होत्या.

आष्टीकडच्या एका बाईचा फोन बंद लागला. नवरा-बायको ऊसतोडीला गेले होते. तिचाही फॉर्म बरोबर होता. पुढे वर्षभरानं ती आली तेव्हा कडेवर दुसरं बाळ होतं, पांढरंफटक. माझ्याकडे तिच्या नावापुढे ‘आकलन: उत्तम’ लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात. या लेखात मी गमतीच्या गोष्टी सांगते आहे, पण हीही माझ्याच नोकरीतली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळची वडवणीची बस धरली. स्टँडवर भागवत मोटारसायकल घेऊन आला होता. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. सामान बांधायला काढलेलं, घोड्यावर टाकायच्या गोण्या, कोंबड्यांची पाटी. मनीषाची सासू गयाबाई एका मेंढीला मांड्यांत दाबून धरून चाकूनं तिचे वाढलेले खूर कापत होती. लांबच्या चालीआधी सगळ्यांचे खूर नीट करावे लागतात. तिनं मान वर केली नाही.

“बसा बाई. चहा घ्या. पर सुईचं बोलू नगा. एकीच्या अंगाची चाळण झालीय, आता पोटातल्याला बी टोचताव?”

मी बसले. पिशवीतून संस्थेनं छापलेली कार्डं काढली. चार गुळगुळीत कार्डं, तीन पांढरी, एक लाल. समजावणारे डॉक्टर हीच वापरायचे. मी ती घोंगडीवर मांडली आणि सुरुवात केली, “हे बघा, प्रत्येक वेळी...”

भागवतनं वाकून लाल कार्ड उचललं आणि बाजूला ठेवलं. “ही पायल. आन आता बगा ना मॅडम, ऱ्हायली का न्हाई समदी पांढरी?”

मी कार्डांकडे बघत राहिले. तो म्हणत होता ते समोर दिसत होतं. पत्ता निघाला की उरलेल्यात तो नसतो. आमचं साधनच लोकांना हे शिकवत होतं, गुळगुळीत कागदावर छापून. मी कार्डं गोळा करून पिशवीत टाकली.

गयाबाई म्हणाली, “मनीनं मला समदं सांगितलंय. मालकाचा वाटा गेला.”

“कोणत्या मालकाचा, मावशी?”

तिनं चाकूचं टोक आभाळाकडे केलं. “त्या.”

“आणि माजलगावच्या मालकाबरोबर वाटा ठरला, तेव्हा कोण कोण बसलं होतं?”

“ह्ये काय इचारनं झालं? मी व्हते, भागवतचा बाप व्हता, मालक, मालकाचा भाऊ. आन गावातले दोघं, साक्षीला.”

“कोकरं कोण मोजतं?”

“मालक बी मोजतो, आमी बी मोजताव. पहिलं दिलेलं त्येनं ध्यानात ठिवायचं, आमी बी ठिवायचं. इसरला तर साक्षीवाले हैत.”

“मग मनीषाच्या पोटाचा वाटा ठरला तेव्हा कोण बसलं होतं? पायल दिली, हे ध्यानात कुणी ठेवलंय?”

चाकू थांबला. मेंढीनं सुटायचा प्रयत्न केला, तिला गयाबाईनं गुडघ्यानं दाबलं.

“म्हंजी?” ती म्हणाली. “ह्यात मालक न्हाई?”

“नाही.”

“मोजतंच न्हाई कुणी?”

“कुणीच नाही, मावशी. मागच्या खेपेला काय झालं ते पोटाला माहीत नसतं. प्रत्येक खेपेला पहिल्यापासून. पायलच्या वेळी होतं तेवढंच भ्या आत्ताही आहे. कमी नाही, जास्त नाही.”

गयाबाईनं मेंढीला सोडलं. ती लंगडत चार पावलं गेली आणि नीट चालायला लागली.

“मग ह्ये लई वाईट हाय बाई,” गयाबाई म्हणाली. “मालक असता तर भांडता तरी आलं असतं.”

शक्यतेच्या गणितावर मी बरंच वाचलं आहे. त्याची इतकी नेमकी व्याख्या मला कुठे सापडलेली नाही.

भागवतला माझा राग आला होता. आणि तो बरोबर होता. “मग आमाला कावून सांगितलं चारात एक? सरळ सांगायचं ना, सांगता येत न्हाई म्हणून.”

मी म्हटलं, “चुकलं आमचं.”

पण प्रश्न संपले नव्हते. गयाबाईनं आवाज खाली आणला. “ह्यी पोरगं-पोरगी बगायची तपासणी तर न्हाई ना?”

“नाही. ते सांगणं गुन्हा आहे. विचारलं तरी सांगणार नाहीत.”

“तुमी सांगताव. गावाला कोण सांगणार? पोटुशी बाई पुण्याला तपासाय गेली म्हंजी लोक एकच म्हणत्यात. आमच्या जिल्ह्याचं नाव त्यात लई चांगलं हाय.” तिच्या बोलण्यात उपरोध होता की वस्तुस्थिती, ते मला आजही ठरवता येत नाही. “आन वाईट निघालं तर?”

“तर काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. ठेवायचं तर ठेवा, दवाखाना आहेच. नको असेल तर तेही करता येतं. मी काही सांगणार नाही.”

“कावून न्हाई सांगणार? एवढ्या लांब आलाव ना सांगायला?”

याचं उत्तर समुपदेशनाच्या प्रशिक्षणात असतं: निर्णय पेशंटचा. मेंढरांच्या लेंड्यांच्या वासात बसून ते वाक्य म्हणायला मला लाज वाटली.

इतका वेळ मनीषा चुलीपाशी होती. ती उठून आली. “आत्या, तुमी मेंढरं घेऊन जा. मी पायलला घेऊन मागं ऱ्हाते. तपासून येते.”

“एकटी?”

“मॅडम हैत.”

“आन वाईट निघालं तर काय करशील गं मने?”

“तवाचं तवा बगू. पर मला म्हाईत असाया पाहिजे. पायलचं मला कुणी सांगितलं न्हाई. रंग उडाया लागला तवा कळलं.”

गयाबाईनं चाकू लुगड्याला पुसला. लग्न झाल्यापासून एकही चाल तिनं चुकवली नव्हती, हे मला भागवतनं नंतर स्टँडवर सोडताना सांगितलं. पण तेव्हा ती मुलाला एवढंच म्हणाली, “घोड्यावरचं मपलं गठुडं सोड. मी ऱ्हाते हिच्यासंगं.”

पुण्याची तपासणी झाली. जाताना-येताना गयाबाईनं गाडीत खिडकी धरली होती आणि प्रत्येक गावाला तिथल्या कडब्याची प्रत सांगत होती. तपासणीच्या खोलीबाहेर ती भिंतीला पाठ लावून खाली बसली.

अहवाल आला त्या दिवशी पायलची रक्ताची पाळी होती. गयाबाई विभागात येत नसे. तिथला वास तिला सहन व्हायचा नाही. ती बाहेर कट्ट्यावर बसली. पायलनं उजवा हात निवडला, बाटली लागली. मी पाकीट घेऊन त्यांच्या पलंगाशी गेले.

“उघडायच्या आधी तू सांग, यात काय काय असू शकतं?”

हे मी आता प्रत्येकाला विचारते. त्याला गुण नाहीत.

मनीषा म्हणाली, “पायलसारखं असू शकतंय. न्हाई तर मपल्यासारखं, दोष असून बी चांगलं. न्हाई तर एकदम कोरं. आन कोणतं निघालं तरी फुडच्या खेपेला ह्येचा उपेग न्हाई. तवा परत इचारावं लागतंय.” मग म्हणाली, “फोडा.”

मी पाकीट फोडलं. “तुझ्यासारखं आहे.”

“म्हंजी रगत न्हाई लागणार.”

“नाही लागणार.”

तिनं डोळे मिटले, उघडले. मला वाटलं ती रडेल किंवा हसेल. ती पायलच्या हातातल्या नळीकडे बघत राहिली.

“मॅडम, पायलच्या टायमाला ही तपासणी व्हती?”

“होती. पण तुम्ही दोघं वाहक आहात हे कुणाला माहीत नव्हतं. तेव्हाच तुझं साधं रक्त तपासायला हवं होतं. तपासलं नाही.”

“तपासलं असतं तर कळलं असतं. आन कळलं असतं तर मला ठरवावं लागलं असतं.”

“हो.”

“मंग ही आसती का न्हाई, काय सांगावं.”

मी इतक्या लोकांची समज मोजली, पण तपासणीचा अर्थ इतक्या तळापर्यंत जाऊन कुणाला कळलेला मी पाहिला नव्हता. डॉक्टरांत नाही, पुण्यात नाही, माझ्यातही नाही.

ती म्हणाली, “ह्या बाळाचं कळलं ते लई चांगलं झालं. आन हिचं न्हाई कळलं ते बी चांगलं झालं. आता ह्ये दोनी खरं कसं काय, ते मला इचारू नगा.”

मी विचारलं नाही. पायलनं मोकळा हात पुढे केला आणि बिस्किटाचा पुडा मागितला. मनीषानं तो दातानं फोडला, दोन बिस्किटं तिला दिली, एक माझ्या हातावर ठेवलं आणि उरलेला पुडा घेऊन बाहेर कट्ट्याकडे आत्याला सांगायला गेली.